शायलॉकला खलनायक म्हणावे काय?

पुरीमच्या रात्री मेगिल्लाचे वाचन चालू असता हामानाचे नाव आले की सिनेगॉगमध्ये केवढा गलका उडतो, हे वाचकांना सांगावयास नको. मुले रआशन फिरवितात, थोर मंडळी पाय आपटतात आणि हजानसाहेबांना क्षणभर थांबावे लागते. आमच्या लहानपणी कोकणात जुनी माणसे या सणाला होळीचा सण म्हणत. रआशन आमच्याकडे नव्हते. पण पाय आपटण्यात आम्ही कोणाला हार गेलो नाही. हामान दुष्ट होता की नव्हता, असा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. एकट्या मोर्दखायने वाकून मुजरा केला नाही, म्हणून ज्याने सबंध जातीचा संहार मांडला, त्याच्यासाठी दुसरा शब्द कोठून आणावा?

यंदाच्या पुरीमनंतर चहापानाच्या वेळी मात्र आमच्या मंडळींत निराळाच वाद निघाला. एका बाईंची नात विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकते. तिने आजीला विचारले होते की, शेक्सपिअरच्या 'व्हेनिसचा व्यापारी' या नाटकातला शायलॉक तुला खलनायक वाटतो का? बाईंचे मत ठाम होते. "त्याच्या तोंडावर थुंकले, त्याची मुलगी पळविली, शेवटी त्याचा धर्मही बुडविला, आणि खलनायक म्हणे तोच!" यावर आमचे एक स्नेही उसळून म्हणाले, "अहो बाई, पण सुरी कोणी परजली? आपला म्हणून पांघरूण घालावयाचे का? अशा एकामुळे आपल्या हजारोंचे नाव खराब झाले." दोन्ही बाजूंनी आवाज चढले. मग कोणीतरी म्हणाले, "मास्तर, तुम्ही सांगा." आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

ज्यांनी हे नाटक फार वर्षांपूर्वी वाचले असेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. व्हेनिसचा व्यापारी आंतोनिओ याने आपला मित्र बासानिओ याच्याकरिता शायलॉक या यहुदी सावकाराकडून तीन हजार डुकाट तीन महिन्यांच्या बोलीने घेतले. व्याज नाही, पण मुदतीत पैसे न फिटल्यास आंतोनिओच्या अंगचे एक पौंड मांस कापून घ्यावे, असा करार झाला. पुढे आंतोनिओची जहाजे बुडाल्याच्या बातम्या येतात, मुदत टळते आणि शायलॉक सुरी व तराजू घेऊन न्यायसभेत उभा राहतो. विद्वान वकिलाच्या वेषात आलेली पोर्शिया त्याला दया दाखविण्याविषयी विनविते. तो ऐकत नाही. तेव्हा ती सांगते की, मांस घे. पण करारात रक्ताचा उल्लेख नाही, सबब एक थेंबही सांडता कामा नये. खटला उलटतो. शायलॉकची मालमत्ता त्याच्या हातची जाते आणि जीव वाचविण्यासाठी त्याला ख्रिस्ती व्हावे लागते.

आम्ही ही गोष्ट प्रथम वाचली ती कुलाबा जिल्ह्यातल्या एका शाळेत, लॅम्ब बहीणभावांनी मुलांसाठी लिहिलेल्या सोप्या रूपात. त्या वर्षी स्नेहसंमेलनात न्यायसभेचा प्रवेश मराठीतून करावयाचे ठरले आणि वर्गात इस्राएल आम्ही एकटेच, म्हणून शायलॉक आमच्या वाट्यास आला. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. इतर मुलांच्या लेखी आम्ही शनवार तेल्यांपैकी. आमच्या वाडवडिलांनी घाणा चालविला, पलटणीत नोकरी केली, कचेरीत कारकुनी केली. सावकारीशी आमचा संबंध आला तो कर्ज काढण्यापुरता. पण काथ्याची दाढी, डोक्यास पगडी, बगलेत चोपडी असा पोशाख चढविल्यावर व्हेनिसचा शायलॉक कोठल्या कोठे गेला आणि गावाकडचा सावकार उभा राहिला. मराठी मुलखात त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, ते आम्ही इतिहासात शिकलो होतो. आम्ही सुरी उगारली तेव्हा मंडपात शिट्ट्या झाल्या आणि आम्ही हरलो तेव्हा टाळ्यांचा कडकडाट. काम वठले म्हणून आम्हांला आनंदच झाला.

रात्री घरी आल्यावर आजीने विचारले, "सावकार झालास ते ठीक. पण त्याला ज्यू ज्यू काय म्हणत होते रे? ज्यू म्हणजे आपणच ना?" आम्ही तिला सारी गोष्ट सांगितली, मुलीने बापाच्या मनाविरुद्ध परधर्मात लग्न केले तेही सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पोर गेली तेव्हा त्याच्या घरी बसायला कोण गेलं होतं?" तसे काही पुस्तकात नाही, असे आम्ही सांगितले. तिचा प्रश्न आम्हांला तेव्हा अडाणीपणाचा वाटला. आज वाटत नाही.

पुढे कॉलेजात मूळ नाटक हाती आले. त्यात तुबाल नावाचा जातभाई शायलॉककडे येतो खरा. पण सांत्वन करावयास नव्हे, बातम्या घेऊन. एक बातमी मुलीच्या उधळपट्टीची, लागलीच दुसरी आंतोनिओच्या बुडालेल्या जहाजाची. पहिलीने बाप विव्हळतो, दुसरीने त्याच्या सुडाला धार चढते. त्यातच कळते की, लेआने त्याला लग्नापूर्वी दिलेली अंगठी मुलीने एका माकडाच्या बदल्यात देऊन टाकली. जो केवळ पैशाचा लोभी, त्याने येथे अंगठीची किंमत सांगितली असती. शायलॉक किंमत सांगत नाही. त्याला लेआ आठवते. याच प्रवेशात त्याचे ते प्रसिद्ध भाषण आहे. यहुद्याचे शरीर आणि मन इतरांसारखेच असते, मग अन्याय झाल्यावर त्यानेच तेवढे निराळे का वागावे, असा त्याचा सवाल आहे. पुष्कळ लोक या भाषणाचा पूर्वार्ध तेवढा सांगतात. त्याचा शेवट मात्र असा की, सूड घेणे मी तुमच्याकडूनच शिकलो आणि शिकविणाऱ्याहून सरस करून दाखवीन.

शायलॉकची बाजू अशी भक्कम आहे. आंतोनिओने त्याच्या दाढीवर थुंकावे, त्याला कुत्रा म्हणावे, लाथ मारावी. आणि त्याच्याच दारी कर्ज मागावयास आल्यावरही, आपण पुन्हा तसेच वागू, असे तोंडावर सांगावे. न्यायसभेत शायलॉक विचारतो की, तुम्ही विकत घेतलेल्या गुलामांना सोडून देता का? माणसाचे मांस विकत घेण्याचा प्रघात तुमचाच नव्हे काय? या प्रश्नाला त्या सभेत कोणीही उत्तर देत नाही. इतिहासही त्याच्या बाजूने साक्ष देतो. खऱ्याखुऱ्या व्हेनिसमध्ये १५१६ साली यहुद्यांसाठी घेट्टो ठरविण्यात आला. रात्री त्याचे दरवाजे बंद होत आणि पहारेकऱ्यांचा खर्च यहुद्यांनाच द्यावा लागे. पोटापाण्याचे बहुतेक मार्ग बंद, उघडे ते सावकारी, जुन्या कपड्यांचा व्यापार, वैद्यकी असे थोडे. ज्याला दुसरा धंदा करू द्यावयाचा नाही, त्याला त्याच धंद्यावरून हिणवावयाचे, हा व्हेनिसचा न्याय.

आता दुसरी बाजू. न्यायसभेत बासानिओ दुप्पट रक्कम देऊ करतो, पोर्शिया तिपटीची आठवण देते; शायलॉकला पैसे नकोत. जखम बांधण्यासाठी निदान एखादा शस्त्रवैद्य तरी बोलाव म्हटले, तर ते करारात नाही म्हणतो. बुटाच्या तळव्यावर सुरी घासतो. जो आंतोनिओ त्याच्यावर थुंकला तो आता बांधलेला आहे, निःशस्त्र आहे, छाती उघडी करून उभा आहे. अशा माणसावर सुरी चालविण्यास भूतकाळातला कोणता अपमान पुरेसा होईल? येथे कारण आणि समर्थन यांत भेद केला पाहिजे. शायलॉक असा का झाला, याचे कारण आम्हांला कळते. म्हणून तो करतो ते बरोबर, असे ठरत नाही. आगीचे कारण कळले म्हणून जळलेले घर उभे राहत नाही.

आमच्या मते अडचण शब्दात आहे. मराठीत नायकाच्या विरुद्ध उभा राहणारा तो प्रतिनायक. खलनायक या शब्दाने मात्र निकालच लागतो: हा मुळातच खल, पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत खल. शायलॉक पाचच प्रवेशांत येतो आणि त्या पाचांत तो कधी विनोदी, कधी दीन, कधी क्रूर, कधी बाप असतो. एकच शिक्का त्यावर बसत नाही. बरे, नुसता प्रतिनायक म्हणावे, तर ती सुरी कोठे लपवावी?

आमच्या शास्त्रात 'रशा', म्हणजे दुष्ट, असा शब्द आहे आणि तो कोणाला लावावा याचा विचार ज्ञानी लोकांनी केलेला आहे. मिसरात दोन इब्री भांडत असता मोशे रब्बेनू एकाला रशा म्हणून हटकतात. त्याने अजून मारलेले नाही, केवळ हात उगारलेला आहे. यावरून रेश लाकीश यांनी असा अर्थ काढला की, जो आपल्या सोबत्यावर हात उगारतो तो, मारले नाही तरी, रशा ठरतो. या कसोटीवर न्यायसभेतला शायलॉक सुटत नाही. रक्ताचा थेंब सांडला नाही, ही सबब त्याच्या कामाची नाही. परंतु हा शब्द हाताला चिकटलेला आहे, कपाळाला नाही. ग्मारातच असे सांगितले आहे की, मी नीतिमान आहे या अटीवर एखाद्या प्रसिद्ध दुष्टाने स्त्रीशी वाङ्निश्चय केला, तरी तो निश्चय उडवून लावता येत नाही; कारण कदाचित त्या घटकेस त्याच्या मनात तशुवाचा विचार आला असेल. हात उगारला की रशा. हात खाली आला, मन फिरले की तो शब्द गळून पडला. खलनायक या शब्दाला असा परतीचा रस्ता नाही.

कोणी म्हणेल, शायलॉक नियमावर बोट ठेवणारा यहुदी आणि पोर्शिया दयेची मूर्ती, हेच तर नाटकाचे सार. आमच्या धर्माविषयी हा फार जुना गैरसमज आहे. गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी गरिबाला परत करावे, कोणाचे जाते गहाण घेऊ नये, ही तोराची आज्ञा. रब्बा बार बार हाना यांचे द्राक्षारसाचे पिंप हमालांनी फोडले आणि त्यांनी हमालांचे अंगरखे अडकवून ठेवले, तेव्हा राव यांनी अंगरखे परत देण्यास तर सांगितलेच, वर हमालांची मजुरीही द्यावयास लावली. कारण ते गरीब होते व दिवसभर राबून उपाशी होते. शायलॉकच्या खटल्याचा हलाखाच्या दृष्टीने विचार करणारा लेखच रब्बी श्लोमो योसेफ झेविन यांनी लिहिला आहे. माणसाचे शरीर त्याच्या मालकीचे नाही, म्हणून ते लिहून देण्याचा त्याला अधिकारच नाही, असे त्यांचे प्रतिपादन. म्हणजे बेथ-दीनपुढे हा करार पहिल्या दिवशीच फाडला गेला असता. मांस मागताना शायलॉक यहुदी धर्माप्रमाणे वागत नाही, व्हेनिसच्या कायद्याप्रमाणे वागतो.

आणि त्या दयेचे काय झाले? दयेवर सुंदर भाषण झाल्यानंतर पाच-दहा मिनिटांतच शायलॉकची मालमत्ता वाटली जाते आणि त्याचा धर्म काढून घेतला जातो. यालाही ते दया म्हणतात! तशुवा करावयाची तर माणूस स्वतःपाशी उरला पाहिजे. ज्याने आयुष्यभर ज्या परमेश्वराचे नाव घेतले त्याच्यासमोर उभे राहण्याची जागाच काढून घेतली, तर त्याने पश्चात्ताप कोणापुढे करावा? सुरी शायलॉकच्या हातात थांबली. न्यायसभेची सुरी मात्र चालली.

हे नाटक लिहिले गेले तेव्हाच्या इंग्लंडात यहुद्यांना उघडपणे राहता येत नव्हते. १२९० साली त्यांना घालवून दिलेले होते आणि १६५६ पर्यंत परत येऊ दिलेले नव्हते. १५९४ साली राणीचे वैद्य रोद्रिगो लोपेझ, जन्माने यहुदी, यांना राजद्रोहाच्या आरोपावरून फाशी दिले गेले. प्रेक्षकांनी यहुदी शेजारी पाहिलेला नव्हता. त्यांनी शायलॉक पाहिला आणि त्यावरून सारे यहुदी ओळखले. १८१४ साली एडमंड कीन यांनी परंपरेचा तांबडा टोप टाकून काळा टोप घातला आणि लंडनच्या लोकांना शायलॉकमध्ये प्रथमच माणूस दिसला म्हणतात. पण १९४३ साली व्हिएन्नात नाझी सत्तेखाली हेच नाटक पुन्हा द्वेषासाठी लावले गेले. उलट १९३६ साली तेल अवीवमध्ये हबीमाने ते इब्रीत केले. दिग्दर्शक लेओपोल्ड येसनर स्वतः जर्मनीतून परागंदा झालेले यहुदी होते. तरीही लोकांत इतका क्षोभ झाला की, नाटककार, दिग्दर्शक व नाट्यसंस्था यांच्यावर जाहीर लुटुपुटीचा खटला भरविण्यात आला. २०१६ साली घेट्टोला पाचशे वर्षे झाली तेव्हा व्हेनिसमध्येच शायलॉकचे अपील चालविले गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग अध्यक्षस्थानी होत्या. मांसाची अट रद्द, धर्मांतराची शिक्षाही रद्द, मूळ तीन हजार डुकाट परत, असा निकाल झाला. पोर्शियाला कायदा शिकावयास पाठविण्याचेही ठरले. आम्हांला तो निकाल आवडला, कारण त्यात शायलॉकला मांस मिळाले नाही आणि व्हेनिसला त्याचा आत्मा मिळाला नाही.

आता एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगताना आम्हांला बरे वाटत नाही. येथे आल्यावर आम्ही बरीच वर्षे शिक्षकाचे काम केले. एका वर्षी वर्गात परदेशातून नुकताच आलेला एक मुलगा होता. त्याने एके दिवशी कंपासचे टोक दुसऱ्याच्या हातात खुपसले. आम्ही त्याला शिक्षा केली, ती योग्यच होती. पण शिक्षकांच्या खोलीत आम्ही म्हणालो, "तो मुलगाच दुष्ट आहे." तो शब्द वर्षभर त्याच्या मागे फिरला. दुसऱ्या शिक्षकांनी तो उचलला, मुलांनीही उचलला. पुढे कळले की, कित्येक महिने चार-पाच मुले त्याच्या उच्चारांची नक्कल करीत, त्याच्या डब्याला नाक मुरडीत. आणि हे आमच्या पाठीमागे नव्हे, वर्गातच चाले. आम्ही ते ऐकले होते आणि पोरखेळ म्हणून सोडून दिले होते. त्या मुलांना आम्ही काहीच शिक्षा केली नाही. वर्षअखेर तो मुलगा शाळा सोडून गेला. आमच्या आजीचा प्रश्न तेव्हा आम्हांला आठवावयास हवा होता.

अन्याय झालेल्याने काय करावे, याचे उत्तर आपल्या समाजाने एकदा दिलेले आहे. १९६२ पासून विवाहाच्या बाबतीत आपल्या लोकांच्या वंशाची चौकशी होऊ लागली. सबंध समाजापुढे प्रश्नचिन्ह उभे राहिले. आम्ही तेव्हा अगदी लहान आणि भारतातच होतो. थोरांकडून ऐकलेले सांगतो. दोन हजार वर्षे शब्बाथ पाळणाऱ्यांना तुम्ही यहुदी कशावरून, असे विचारणे हे थुंकण्याहून कमी नव्हते. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांनी यरुशलेमेत धरणे धरले, बायकामुलांसह उघड्यावर राहिले. ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्राएल सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे यहुदी आहेत असे जाहीर केले आणि ते नियम बदलावे लागले. आपल्या माणसांनी न्याय मागितला. कोणाचे मांस मागितले नाही. सुप्याच्या शेतकऱ्यांनीही मुख्यतः कागदच जाळले. म्हणून, अपमान झाला की सुरी हाती येतेच, हे आम्हांला मान्य नाही. ती उचलावी लागते.

तेव्हा बाईंच्या नातीला आमचे उत्तर असे. हामानाने एका माणसाचा राग सबंध जातीवर काढला. शायलॉकने सबंध नगरीचा राग एका माणसावर काढावयाचे ठरविले. आणि प्रेक्षकांनी एका शायलॉकवरून सबंध जात मोजली, म्हणजे पुन्हा हामानाचेच गणित केले. ते गणित आमच्याविरुद्ध झालेले आम्हांला चालत नाही, म्हणून आपला माणूस असला तरी उगारलेल्या हाताला आम्ही दुष्टच म्हणू, आणि इतर कोणी म्हणण्यापूर्वी म्हणू. पण तो शब्द हातापुरता. माणसाला खलनायक ठरवून टाकले की, त्याच्यावर कोण थुंकले आणि त्याच्या दुःखात कोण गेले नाही, हे विचारण्याची गरजच उरत नाही. आमचे स्नेही सुरीविषयी बरोबर आहेत. बाई माणसाविषयी बरोबर आहेत.

पुढच्या पुरीमला हामानाच्या नावाने आम्ही पूर्वीप्रमाणेच पाय आपटू. शायलॉकचे नाव निघाले तर मात्र गलका नको, थोडा वेळ बसून बोलावे, एवढीच विनंती. वाचकांचे मत निराळे असल्यास त्यांनी अवश्य कळवावे.